ज्ञातिपंचायत, धर्मशास्त्र आणि न्यायालय
(खानदेशातील विवाह, वारसा व ऋण यांच्या कायद्याचा संक्षिप्त इतिहास)

आपल्या ज्ञातीचा इतिहास सांगताना आपण बहुधा पूर्वजांचे स्थलांतर, तापीकाठच्या वसाहती, देवस्थाने, वसतिगृहे आणि उदार दात्यांची नामावली यांचा उल्लेख करतो. ते योग्यच आहे. परंतु रावेर, यावल, भुसावळ या तालुक्यांतील घरोघरच्या जुन्या पेट्यांत आणखी एक इतिहास घडी घालून ठेवलेला असतो. वाटणीपत्र, कर्जरोखा, दत्तकपत्र, हक्कसोडपत्र आणि क्वचित एखादा फारकतीचा कागद, हे त्या इतिहासाचे साहित्य होय. हे कागद ज्या समजुतीने लिहिले गेले त्या समजुतीला आणि न्यायालयाच्या निर्णयाला अनेकदा मेळ बसला नाही. तो का बसला नाही आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तथापि त्याचा संबंध प्रत्येक कुटुंबातील सुनेशी, लेकीशी आणि जमिनीशी असल्यामुळे वाचकांनी तो धीराने वाचावा, अशी विनंती आहे.

दोन ग्रंथ आणि एक प्रांत

इ. स. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला आणि खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला. नव्या राज्यकर्त्यांपुढे पहिलाच प्रश्न असा उभा राहिला की, येथील लोकांच्या लग्नाचे व वारशाचे तंटे कोणत्या कायद्याने तोडावयाचे? शास्त्रीमंडळींनी दोन ग्रंथांकडे बोट दाखविले. पहिला, याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ ही टीका. ती कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधिकाळात लिहिली गेली. दुसरा, पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टाचा ‘व्यवहारमयूख’. तो सतराव्या शतकातील.

या दोहोंतील अधिक प्रमाण कोणता, याचे उत्तर प्रांतपरत्वे निराळे आहे. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे मतभेदाच्या जागी मयूखाचे वचन वरचढ मानले गेले. इतर महाराष्ट्रात मिताक्षरेला अग्रमान मिळाला. मात्र पुणे, अहमदनगर आणि खानदेश या भागांत मयूखाचा अधिकार मिताक्षरेच्या जवळजवळ बरोबरीचा धरण्यात आला. हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा नव्हता. निपुत्रिक मुलाची मिळकत आईबापांपैकी आधी कोणाकडे जावी, या प्रश्नाला मिताक्षरा ‘आईकडे’ असे उत्तर देते, तर मयूख ‘बापाकडे’ असे देतो. बहिणीला वारसांच्या मालिकेत मानाचे स्थान देण्यातही मयूख पुढे आहे. मुंबई इलाख्यात, विभक्त पित्याची मिळकत वारशाने मिळालेली कन्या तिची संपूर्ण मालकीण होते, असे न्यायालयांनी ठरविले. बंगाल व मद्रास येथील कन्येला हे भाग्य लाभले नव्हते. तेथे तिचा हक्क तिच्या हयातीपुरताच मर्यादित राही. आपल्या प्रांतातील स्त्रियांचा वारसाहक्क त्या काळीही इतरांहून थोडा बरा होता, ही गोष्ट आपण अभिमानाने लक्षात ठेवावयास हरकत नाही.

परंतु ग्रंथ हे सर्व काही नव्हते. मुंबईचे गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी हे नेमके ओळखले होते. प्रत्येक ज्ञातीचा रिवाज तिच्याच प्रमुखांना विचारून नोंदवावा, असा त्यांचा आग्रह होता. गुजरातेत बोराडेल यांनी आणि दख्खनेत आर्थर स्टील यांनी ते काम केले. स्टील यांचा दख्खन प्रांतांतील हिंदू ज्ञातींच्या कायद्याचा व रूढींचा सारसंग्रह १८२७ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी एल्फिन्स्टन यांची नियमसंहिताही अमलात आली. तिच्या चौथ्या नियमातील सव्विसाव्या कलमाने एक क्रम घालून दिला: प्रथम सरकारी कायदा, तो नसेल तर जेथे दावा उद्भवला त्या देशाची रूढी, तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि अखेरीस न्याय, समता व सद्सद्विवेक. म्हणजे पोथीच्या आधी रूढी! दुसऱ्या नियमाच्या एकविसाव्या कलमाने तर ज्ञातीच्या अंतर्गत प्रश्नांत दिवाणी न्यायालयांनी हात घालू नये, असे सांगितले. आपल्याकडील ज्ञातिपंचायतींच्या अधिकाराला इंग्रजी राजवटीत जो आधार मिळाला, तो हाच.

पुढे जिल्हा न्यायालयांतून शास्त्री नेमलेले असत आणि न्यायाधीश त्यांना प्रश्न विचारून व्यवस्था घेत. रेमंड वेस्ट आणि जर्मन पंडित गेओर्ग ब्यूलर यांनी अशा शेकडो व्यवस्था एकत्र करून १८६७ व १८६९ साली आपला प्रसिद्ध संग्रह छापला. त्यात खानदेशच्या न्यायालयातील शास्त्र्यांनी दिलेली उत्तरेही समाविष्ट आहेत. १८६४ च्या अकराव्या कायद्याने शास्त्र्यांची ही पदे रद्द झाली आणि धर्मशास्त्राचा अर्थ लावण्याचे काम वकील व न्यायाधीश यांच्याकडे आले. तेथून पुढे विश्वनाथ नारायण मंडलिक यांचा १८८० चा मयूख व याज्ञवल्क्यस्मृतीवरील ग्रंथ, पुण्याच्या विधिमहाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे यांची भाषांतरे, आणि महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झालेला धर्मशास्त्राचा इतिहास, अशी महाराष्ट्रातील विधिपंडितांची थोर परंपरा निर्माण झाली. काणे यांना १९६३ साली ‘भारतरत्न’ ही पदवी मिळाली, हे सर्वश्रुतच आहे.

पाट, मोहतूर आणि वारशाची अट

खानदेशातील बहुतेक कृषीवल ज्ञातींत विधवेचा पुनर्विवाह पूर्वापार चालत आला आहे. कोठे त्यास पाट म्हणतात, कोठे मोहतूर म्हणतात. ज्या सुधारणेसाठी बंगालात ईश्वरचंद्र विद्यासागरांना आयुष्य वेचावे लागले, ती आपल्या शेतकरी समाजात आधीपासूनच रूढ होती. १८५६ साली विधवापुनर्विवाहाचा कायदा झाला तेव्हा त्याची येथील शेतकऱ्याला गरज नव्हती, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

तथापि या उपकारक कायद्याच्या दुसऱ्या कलमात एक अट होती. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेने पहिल्या पतीच्या मिळकतीवरील आपला हक्क सोडला पाहिजे. ती जणू मृत झाली असे समजून मिळकत पुढील वारसाकडे जावी, असा तिचा आशय. आता प्रश्न असा की, ज्या ज्ञातीत कायद्यापूर्वीच पाटाची चाल होती, तेथील स्त्रीलाही ही अट लागू आहे काय? अलाहाबादच्या न्यायालयाने ‘नाही’ असे म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मात्र विठू विरुद्ध गोविंदा या १८९६ सालच्या खटल्यात ‘होय’ असा निर्णय दिला. परिणामी, पाट लावणे ही ज्ञातीची मान्यता आणि जमीन गमावणे ही कायद्याची आज्ञा, अशी दुहेरी स्थिती मुंबई इलाख्यातील विधवेच्या वाट्यास आली. तरुण विधवेपुढे दोनच मार्ग उरले. एकतर चार बिघे जमिनीसाठी जन्मभर एकटे राहावयाचे, अन्यथा संसार मांडावयाचा आणि रिकाम्या हाताने जावयाचे. दिराच्या किंवा पुतण्याच्या मनात पुनर्विवाहाविषयी एकाएकी जो उत्साह उत्पन्न होई, त्याचे रहस्य पुष्कळदा या अटीत असे.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हे चित्र पालटले. त्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातील मिळकतीची ती संपूर्ण मालकीण झाली आणि पतीच्या मृत्यूनंतर त्याची वारस म्हणून मिळालेला वाटा पुढे तिने विवाह केला तरी तिच्याकडून काढून घेता येत नाही. १८५६ चा जुना कायदा १९८३ साली रद्दही झाला. असे असताना ‘तिने दुसरे घर केले, आता सातबाऱ्यावरून तिचे नाव कमी करा’ असे म्हणणारे आप्त आजही भेटतात. त्यांचा कायदा एका पिढीने नव्हे, दोन पिढ्यांनी मागे पडलेला आहे.

काडीमोड : पंचांचा निवाडा व न्यायाधीशाचा निवाडा

विवाहविच्छेदाचा इतिहास याहूनही बोधप्रद आहे. उच्चवर्णीयांच्या ग्रंथांत विवाह हा संस्कार असल्याने अविच्छेद्य मानला गेला. तरीही कौटिल्याने धर्म्य विवाह वगळून इतर विवाहांत परस्परद्वेषामुळे मुक्तता सांगितली आहे आणि नारद व पराशर यांनी पती बेपत्ता, मृत, संन्यस्त, क्लीब वा पतित झाल्यास स्त्रीला दुसरा पती सांगितला आहे. काणे यांच्या ग्रंथात या वचनांची साक्षेपी चर्चा आढळते. शेतकरी व कारागीर ज्ञातींना मात्र वचनांची वाट पाहावी लागली नाही. पंच बसत, दोन्ही पक्षांचे ऐकत, देण्याघेण्याचा हिशेब होई आणि काडी मोडून संबंध तुटल्याचे जाहीर होई. या प्रत्यक्ष काडी मोडण्यावरूनच शब्द रूढ झाला.

इंग्रजी न्यायालयांनी ही चाल सरसकट नाकारली नाही, पण सरसकट स्वीकारलीही नाही. १८६४ साली करसन गोजा याच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने असे ठरविले की, पतीच्या संमतीवाचून स्त्रीने त्याला सोडून दुसऱ्याशी नाते जोडावे ही ज्ञातीची चाल न्यायालय मानणार नाही. १८७६ साली शंभू रघू याच्या खटल्यात तर, विवाह रद्द ठरविण्याचा किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा ज्ञातीला अधिकारच नाही, असे न्यायालयाने म्हटले. १९१५ साली केशव हरगोवन विरुद्ध बाई गांडी या खटल्यात, ज्ञातीने ठरविलेली रक्कम भरून एका पक्षाने दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध विवाह मोडावयाचा, ही रूढी अग्राह्य ठरली. उभयतांच्या संमतीने, सिद्ध झालेल्या रूढीप्रमाणे घेतलेली फारकत तेवढी टिकली.

या निर्णयांतून जे तत्त्व निघते ते ध्यानी घेण्यासारखे आहे. पंच हे रूढीचे साक्षीदार असू शकतात. ते स्वतः न्यायाधीश नव्हेत. ज्ञातीत अशी चाल आहे, ती प्राचीन आहे, अखंड आहे, निश्चित आहे आणि लोकनीतीस बाधक नाही, इतके सिद्ध झाले तर न्यायालय तीस मान देते. प्रिव्ही कौन्सिलने तर १८६८ साली मदुरेच्या खटल्यात, स्पष्टपणे सिद्ध झालेली रूढी ग्रंथवचनाहून बलवत्तर होय, असे निःसंदिग्ध सांगितले. मान रूढीला आहे, पंचांच्या शिक्क्याला नाही, हा भेद आपल्याकडे आजही पुरता उमगलेला दिसत नाही.

विधिमंडळांची पावले त्यानंतर पडू लागली. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९१९ साली काडीमोडीसंबंधी कायदा केला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली हिंदूंसाठी विवाहविच्छेदाचा कायदा झाला. मुंबई प्रांताने १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधाचा आणि १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. द्विभार्याप्रतिबंधाच्या कायद्यास घटनेच्या आधारे आव्हान देण्यात आले, तेव्हा न्यायमूर्ती छागला व न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी नरसू आप्पा माळी याच्या १९५१ च्या खटल्यात तो वैध ठरविला. त्याच वर्षी, हिंदू संहितेच्या विधेयकाची वासलात पाहून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिपदाचा त्याग केला. पुढे त्या संहितेचेच भाग करून संसदेने कायदे केले. त्यांपैकी हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी आणि वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी अमलात आला.

विवाह कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाने रूढीने मान्य असलेला घटस्फोटाचा हक्क अबाधित ठेवला आहे. आपल्या यावल तालुक्यातील पाडळसे येथील भोरगाव लेवा पंचायत आणि तिच्या कुटुंबनायकाचे स्थान वाचकांस नव्याने सांगावयास नको. अशा पंचायतींपुढे मिटणारे तंटे ज्या कायदेशीर जमिनीवर उभे आहेत, ती जमीन म्हणजे हे पोटकलम होय. परंतु ती जमीन अरुंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली यमनाजी जाधव याच्या खटल्यात स्पष्ट केले की, रूढीने झालेला घटस्फोट हा सामान्य कायद्याला अपवाद आहे. जो पक्ष त्यावर विसंबतो त्याने ती रूढी दाव्यात नमूद करून पुराव्याने सिद्ध केली पाहिजे. केवळ मुद्रांकाच्या कागदावर दोघांच्या सह्या आणि खाली पाच साक्षीदार, एवढ्याने घटस्फोट होत नाही.

याचा व्यवहारातील अर्थ काय, तो पाहू. समजा, वीस वर्षांपूर्वी एका तरुणाने व त्याच्या पत्नीने असा कागद केला. तिने माहेरी राहून पुढे दुसरा विवाह केला, त्यानेही केला. आता तो पुरुष मरण पावला. त्याच्या केळीच्या मळ्याचा, विम्याचा किंवा निवृत्तिवेतनाचा प्रश्न निघतो तेव्हा त्याचा भाऊ म्हणतो की, पहिला घटस्फोट सिद्ध झालेला नाही; म्हणून दुसरी बायको ही बायकोच नव्हे. दुसरी पत्नी, जिने निष्पापपणे वीस वर्षे संसार केला, ती एका कागदाच्या दोषामुळे पतीची वारस राहत नाही. तिची मुले सोळाव्या कलमाने औरस मानली जातात, एवढाच दिलासा. पहिल्या पत्नीचा नवा संसारही त्याच दोषाने डळमळतो; इतकेच नव्हे, तर पूर्वी दंडसंहितेच्या ४९४ व्या आणि आता न्यायसंहितेच्या ८२ व्या कलमाखालील आरोपाची तलवार दोघांवर टांगती राहते. कागद घाईने पुरुष करतात आणि त्याचे मोल बायकांना चुकवावे लागते, असा हा अनुभव आहे.

ऋण, दिवाळे आणि वारस

विवाह व वारसा यांच्या जोडीला ऋणाचा विचार केल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. धर्मशास्त्रात पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे पवित्र कर्तव्य मानले आहे. याज्ञवल्क्याने तर दोन ऋणकरी सांगितले: जो मृताचे धन घेईल तो आणि जो त्याची स्त्री घेईल तो. मुंबई इलाख्यात याचा अर्थ असा झाला की, बापाची एक कवडीही हाती न आलेला मुलगा त्याच्या कर्जात बुडे. आणि विधवेशी पाट लावणाऱ्यास तिच्या पहिल्या नवऱ्याचा सावकार गाठी. विवाह, वारसा व दिवाळे हे तीन विषय एका सूत्रात कसे गुंफलेले होते, याचे याहून उत्तम उदाहरण मिळणार नाही. विधवेची जमीन दिराकडे आणि तिच्या मृत पतीचे कर्ज नव्या पतीकडे, अशी ही विलक्षण वाटणी होती!

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश हा कापसाचा प्रांत. येथेही पैसा खेळला. युद्ध संपताच भाव कोसळले, मुंबईत कंपन्यांचे पत्त्यांचे बंगले ढासळले आणि खुद्द बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली मोडीत निघाली. याच धामधुमीत, १८६६ साली, दोन कायदे झाले. एक अखिल हिंदुस्थानासाठी कंपन्यांविषयीचा दहावा कायदा. त्यात मर्यादित जबाबदारीच्या कंपनीचे भागधारक आपल्या भागापुरतेच देणे लागतात, आणि कंपनी बुडाल्यास तिची मत्ता विकून धनकोंना वाटावी, अशी व्यवस्था होती. दुसरा मुंबई सरकारचा सातवा कायदा, हिंदू वारसांना दिलासा देणारा. त्याने ठरविले की, मुलगा व नातू हे बापआज्याच्या कर्जास त्यांच्याकडून आलेल्या मिळकतीपुरतेच बांधले जातील. आणि विधवेशी विवाह करणारा केवळ त्या विवाहामुळे तिच्या मृत पतीच्या कर्जास जबाबदार होणार नाही. मुंबईच्या शेठियाला कंपनीच्या कायद्याने जे संरक्षण दिले, तेच रावेरच्या कुणब्याच्या पोराला या छोट्या कायद्याने दिले. मात्र एकत्र कुटुंबाच्या मिळकतीवरील पुत्राची जबाबदारी पुढेही पुष्कळ काळ राहिली; ती नव्या कर्जांपुरती २००५ च्या दुरुस्तीने संपविली.

आज आपल्या समाजात शेतीबरोबर शीतगृहे, जिनिंग, वाहतूक, केळीचा घाऊक व्यापार असे उद्योग उभे राहिले आहेत, आणि पुष्कळांनी खासगी मर्यादित कंपन्या स्थापिल्या आहेत. कंपनीच्या दिवाळखोरीसाठी २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता आहे. पण ‘मर्यादित’ या शब्दावर विसंबून राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बँकेकडे ज्याने वैयक्तिक जामीनकी लिहून दिली, त्याची जबाबदारी कंपनीच्या कर्जाची योजना मंजूर झाली म्हणून आपोआप सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली ठरविले. घरच्या स्त्रियांना नाममात्र संचालक करून त्यांच्या सह्या जामीनपत्रावर घेण्याची चाल वाढत आहे. ज्या सुनेला वाटा देताना आपण दहा वेळा विचार करतो, तिला कर्जात भागीदार करताना एकदाही करीत नाही, ही विसंगती विचारी मनुष्यास खटकल्यावाचून राहणार नाही.

कन्येचा वाटा

आता कन्येकडे वळू. एकत्र कुटुंबात जुन्या मिताक्षरेप्रमाणे वडिलोपार्जित जमिनीवर पुत्राचा जन्मतः हक्क, आणि विधवा व कन्या यांना अन्नवस्त्र, निवारा व लग्नखर्च एवढेच. मुंबईचे शल्यविशारद डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ साली विधवेला पतीचा वाटा हयातीपुरता देणारा कायदा झाला. परंतु १९४१ साली फेडरल न्यायालयाने, प्रांतांच्या अधिकारातील शेतजमिनीस तो लागू नाही, असे सांगितले. शेतकऱ्याच्या विधवेला शेतजमीनच वगळून मिळालेला वाटा म्हणजे विहिरीवाचून मिळालेली मोट! मुंबई प्रांताने १९४२ साली स्वतंत्र कायदा करून ही उणीव भरून काढली.

१९५६ च्या कायद्याने कन्येला पित्याच्या स्वतःच्या वाट्यात पुत्राच्या बरोबरीने हिस्सा दिला, पण जन्मसिद्ध हक्क पुत्रापाशीच ठेवला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून कन्येसही सहदायाद केले. मात्र त्या तारखेपूर्वी विवाह झालेल्या कन्या वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेदही नाहीसा केला. पिता त्या दिवशी हयात असला पाहिजे काय, या वादाचा निकाल ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात लागला: कन्येचा हक्क जन्मानेच आहे, पिता हयात असो वा नसो. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र अबाधित आहेत.

कायदा इतका पुढे आला. व्यवहार कोठे आहे? बापाचे दिवस होताच बहिणींना हक्कसोडपत्रासाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेण्याची घाई आपल्याकडे दिसते. स्वखुशीने हक्क सोडणाऱ्या भगिनीचा भाव वंदनीय आहे. परंतु खुशी तीच खरी, जिला नकाराचीही मोकळीक असते. ‘सही दिली नाही तर माहेर तुटेल’ या भीतीने दिलेली सही ही भेट नव्हे. आणि लग्नात दिलेल्या वस्तूंचा हिशेब हक्कासमोर मांडणाऱ्यांनी हेही पाहावे की, हुंडा देणे व घेणे हा १९६१ पासून गुन्हा आहे; गुन्ह्याची रक्कम वाट्यात वळती करून घेता येत नाही.

पंचायतीचे आजचे कार्य

मग ज्ञातिपंचायतीला काही कार्य उरले नाही काय? लेखकाचे मत तसे नाही. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने ज्ञातिबहिष्कृताचा वारसाहक्क नष्ट होणे थांबविले. आणि महाराष्ट्राने २०१६ साली केलेल्या, २०१७ पासून अमलात आलेल्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास किंवा एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र असा गुन्हा ठरविला. दंड करणे, वाळीत टाकणे, बळेच फारकत लिहून घेणे, हे अधिकार गेले आणि ते गेले हे उत्तमच झाले. परंतु समेट घडविण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने काढून घेतलेला नाही. न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वी दोन्ही घरांना जवळ बसवील अशी ज्येष्ठांची सभा ही आजही समाजाची मोठी ठेव आहे.

म्हणून काही सूचना नम्रपणे मांडाव्याशा वाटतात. समेट शक्य नसेल तेव्हा पंचांनी स्वतः फारकत न देता उभयतांना विवाह कायद्याच्या ‘तेरा ब’ या कलमाखाली परस्परसंमतीचा अर्ज करण्यास पाठवावे. हे कलम १९७६ पासून उपलब्ध आहे. योग्य प्रकरणी सहा महिन्यांची प्रतीक्षाही न्यायालय माफ करू शकते, असे २०१७ साली ठरले आहे. पंचांपुढील तडजोडीच्या अटी, विशेषतः पोटगी, स्त्रीधन व मुलांचा ताबा, त्या अर्जातच लिहाव्यात, म्हणजे त्यांना हुकूमनाम्याचे बळ येईल. ज्यांनी पूर्वी केवळ कागदावर फारकत घेतली आहे त्यांनी जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊन, उभय पक्ष हयात असतानाच, न्यायालयाकडून आपल्या स्थितीचा निर्णय करून घ्यावा. संस्थेने जुन्या निवाड्यांची कागदपत्रे जतन करून त्यांची सूची करावी. रूढी सिद्ध करण्याची वेळ आली तर तोच पुरावा कोणा निराधार स्त्रीच्या उपयोगी पडेल. आणि हक्कसोडपत्रापूर्वी भगिनीला तिच्या वाट्याचे क्षेत्र व मोल स्पष्ट सांगितले जावे, असा दंडक आपण आपल्या घरापासून घालून द्यावा.

एल्फिन्स्टनने ज्ञातींच्या प्रमुखांना रूढी विचारली तेव्हा प्रश्न पुरुषांना विचारला गेला आणि उत्तरही पुरुषांनीच दिले. ज्या चालीचा भार ज्यांच्या शिरावर पडत होता, त्या स्त्रियांची साक्ष त्या ग्रंथात उतरली नाही. आता पंचायतीच्या सभेत स्त्रियांना आसन देणे आपल्या हाती आहे. रूढी ही समाजाने केलेली असते आणि समाज तिला बदलूही शकतो. पाटाची चाल स्वीकारणाऱ्या आपल्या पूर्वजांनी हे धैर्य शतकांपूर्वी दाखविले होते. त्या धैर्याचे आपण वारस आहोत, आणि या वारशावर तरी लेक आणि लेक यांचा हक्क समान आहे.